पलंग ओढणारी गाडी

व्हिटबीजवळच्या एका कुरणात, जून महिन्यातल्या सकाळी, बेकन परतता परतता माझी धाकटी बहीण एनिड म्हणाली की कॅरव्हॅनमधला, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरातला, हा तिचा शेवटचा उन्हाळा. अंडी संपलीत असं सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली. त्यामुळे तिचा नवरा डेझमंड वर्तमानपत्राआडून फक्त "हं" म्हणाला. मी मात्र हातातला टोस्ट खाली ठेवला. एनिड मोठ्याने बोलते तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ती हळू बोलली की समजावं, निर्णय होऊन गेला आहे.

कारणही तिने सांगितलं. त्यांची कॅरव्हॅन जुनी आणि आखूड. दिवसा समोरासमोर दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग. म्हणजे रोज मधल्या फळ्या ओढायच्या, नऊ गाद्या एकमेकींत जुळवायच्या, आणि सकाळी सगळं मोडून पुन्हा बाकं करायची. त्यात एनिडची जागा भिंतीकडची. उठायचं झालं तर डेझमंडवरून रांगत यावं लागे. एक्केचाळीस वर्षं ती रांगली. पण गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरांनी तो पाय फार वर उचलायचा नाही म्हणून बजावलं.

"मला डोंगर चढायला मनाई आहे, डेझमंड," ती म्हणाली. "आणि तू दर वर्षी उंच होतोयस."

तिला हवी होती ती कायमचा मांडलेला पलंग असलेली कॅरव्हॅन, आणि पलंगही दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. तशी मिळाली तर ती येणार. नाही मिळाली तर उन्हाळाभर मेबलथॉर्पला बेरिलकडे जाणार. बेरिल ही डेझमंडचीच बहीण. समुद्रकाठी तिचं एक न हलणारं कॅरव्हॅनघर आहे, त्याला फुलांच्या कुंड्या आहेत आणि आत चार माणसांनी रोज पत्ते खेळायचे असतात.

"तू हवा तिकडे फिर," एनिड म्हणाली. "विल्फ आहेच तुझ्या सोबतीला."

विल्फ म्हणजे मी. तेव्हा कुठे डेझमंडने वर्तमानपत्र खाली केलं. माझी बायको गेल्यापासून मी त्यांच्याबरोबर फिरतो आणि कॅरव्हॅनला जोडलेल्या कापडी मांडवात झोपतो. मी घोरतो हे तीन कुरणं पलीकडच्या मेंढ्यांनाही माहीत आहे. एनिडशिवाय उन्हाळा म्हणजे तो, मी आणि डबाबंद राजमा, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं मला दिसलं.

आम्ही कॅरव्हॅनवाले सगळे एक चूक न चुकता करतो. कॅरव्हॅन पसंत करायची ती पलंग, शेगडी आणि पडदे बघून. पैसे देऊन झाले की मग घरी येऊन आपल्या गाडीकडे बघायचं, ही ओढेल का म्हणून. हे म्हणजे बैल न बघता नांगर आणण्यासारखं झालं. मी जन्मभर बीटच्या मळ्यांतून साखर कारखान्यात ट्रक नेले आहेत. मागे काय जोडलंय ते पुढच्याला पेलायला हवं, इतकं मला कळतं. मी तसं म्हणालोही. पण आमच्या भागात ट्रकवाल्याचा सल्ला भूगोलाचा मास्तर घेत नाही, आणि डेझमंड बत्तीस वर्षं भूगोल शिकवत होता.

हॉर्नसीला सिरिल अलियट नावाच्या म्हाताऱ्याची कॅरव्हॅन विकायला होती. त्याची नजर अधू झाली होती म्हणून तो फिरणं सोडत होता. आम्ही तिघं गेलो. एनिड बूट काढून आत गेली आणि पलंगावर आडवी झाली. वीस मिनिटं ती बाहेर आलीच नाही. डेझमंड आणि मी चाकं बघत राहिलो. दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे चार चाकं, आणि लांबी आठ मीटर. एनिडने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नवऱ्याला सांगितलं की इथे तिच्या बाजूला चप्पल ठेवायलासुद्धा जागा आहे. तिचा चेहरा असा झाला होता की नाही म्हणायची माझीही छाती झाली नसती.

अलियटने विचारलं, ओढणार कशाने? डेझमंडने अभिमानाने फाटकाकडे बोट केलं. तिथे त्याची हिरवी गाडी उभी होती. लांब पाठीची, अठरा वर्षांची, पण आरशासारखी चकचकीत. ती गाडी तो दर शनिवारी धुतो. एनिडचा वाढदिवस शनिवारी आला तर आधी गाडी, मग केक.

अलियटने चष्मा पुसला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"ही झाली," तो म्हणाला. "ओढायची गाडी कुठेय?"

डेझमंडचे कान लाल झाले. अलियटच्या शेडमध्ये त्याची स्वतःची गाडी होती, राखाडी, उंच, चारही चाकांना इंजिनचा जोर असलेली, एकटीच दोन टनांच्या वर. ती पण विकायची आहे, दोन्ही मिळून न्या, असं तो म्हणत होता. डेझमंड म्हणाला की उशा लावलेला ट्रॅक्टर घ्यायची त्याची इच्छा नाही. झालं ते इतकंच की कॅरव्हॅन आम्ही घेतली, आणि अलियटच्या मुलाने ती त्याच ट्रॅक्टरला जोडून हेडन गावात एनिडच्या दारात आणून सोडली. ती उभी राहिली आणि शेजारच्या मिसेस होर्सफॉलच्या स्वयंपाकघरात अंधार पडला.

मी वाचायला शिकलो वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, विदर्नसीच्या वाचनालयात, दर मंगळवारी. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड असते. छापलेलं दिसलं की तो सगळं वाचतो, अगदी सॉसच्या बाटलीवरचंसुद्धा. त्यामुळे कॅरव्हॅनच्या दाराशेजारची पाटी मी वाचली: रिकामी चौदाशे ऐंशी किलो, भरून जास्तीत जास्त सोळाशे पन्नास. मग हिरव्या गाडीचं पुस्तक वाचलं. ती एकटी पंधराशे साठ. मग बॉनेट उघडून आतली पत्र्याची पाटी वाचली. तिथे एकाखाली एक चार आकडे असतात. वरचा आकडा गाडी भरून किती असावी याचा. त्याखालचा दुसरा आकडा गाडी आणि मागचं ओझं मिळून किती असावं याचा. तिथे लिहिलं होतं ३६००. तो दुसरा आकडा कोणी वाचत नाही. पहिल्यावरच लोक बॉनेट बंद करतात.

मी डेझमंडला सगळे आकडे सांगितले. त्याने ऐकला तो फक्त एक. कॅरव्हॅनवाल्यांच्या मासिकात कायम छापलेलं असतं की भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत असावी, फार मुरलेला माणूस असेल तर शंभर टक्क्यांपर्यंत. शेपटीने कुत्र्याला हलवू नये, एवढाच त्यातला मतलब. डेझमंडने टपालाच्या एका पाकिटामागे हिशेब केला. उत्तर आलं एकशे सहा.

"मी मुरलेला आहे," तो म्हणाला.

"मुरांबाही मुरतो," एनिड म्हणाली. "पण बरणी फुटेपर्यंत नाही भरत."

गाडी बदल, असं मात्र ती तेव्हा म्हणाली नाही. त्या गाडीतून तो तिला इस्पितळात घेऊन गेला होता आणि परतही घेऊन आला होता, तिला सगळं कळत होतं. तिने फक्त बेरिलचं पत्र दाराजवळच्या टेबलावर उघडं ठेवलं. मेबलथॉर्पला जागा पाच जुलैपर्यंत अडवून ठेवते, पुढे नाही, असं त्यात लिहिलं होतं. डेझमंड येता जाता ते पत्र बघत होता.

मग त्याने कॅरव्हॅनला उपास घडवायला घेतला. स्वयंपाकघरातला तराजू अंगणात आला. प्रत्येक वस्तू तोलून वहीत लिहायची, आणि जड वाटली की घरात परत. एनिडचा बिडाचा तवा गेला. तिच्या चिनी मातीच्या बश्या गेल्या, त्यांच्या जागी प्लास्टिकच्या आल्या. तिची विणकामाची पेटी, केस वाळवायचं यंत्र, मुरांब्याच्या चारपैकी तीन बाटल्या गेल्या. तिची छत्रीसुद्धा तोलली. दुपारी मी चहा घेऊन बाहेर आलो तर एनिड पलंगाखालचा कप्पा उघडून उभी होती. आत डेझमंडची हत्यारांची पेटी होती आणि हिरवळीवर खेळायचे त्याचे चार लाकडी गोळे.

"हे तोललंस का रे?" तिने विचारलं.

ते वेगळं, तो म्हणाला. ते लागतंच.

मी तेव्हा शिकलो की नवऱ्याची वस्तू ही गरज असते आणि बायकोची वस्तू हे वजन. एनिडने एकेक गोळा उचलून तराजूत ठेवला. चौथ्या गोळ्याला तराजूचा काटा पुरेना. गोळे घरात गेले, आणि तवा परत आला. संध्याकाळी बेरीज केली तेव्हा तीन दिवसांत मिळून सव्वीस किलो कमी झाले होते. डेझमंडने पुन्हा पाकीट घेतलं. एकशे चार टक्के.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मागच्या बागेतली पायवाट गायब. गुलाबांपर्यंत जाणाऱ्या अकरा सिमेंटच्या फरशा होत्या, त्यांच्या जागी मातीचे अकरा चौकोन. आणि हिरवी गाडी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी मागून खाली गेलेली. पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते.

डेझमंडने मला पाकीट दाखवलं. मासिकात लिहिलंय की कॅरव्हॅन गाडीच्या इतके टक्के असावी. कॅरव्हॅन कमी होत नसेल तर गाडी वाढवायची. त्याने कॅरव्हॅनमधलं होतं नव्हतं ते, मांडव, खुर्च्या, पाण्याचे पिंप, सगळं गाडीत हलवलं होतं, आणि वर दोनशे किलो फरशा. आता मी आणि एनिड गाडीत बसलो की हिशेब पासष्ट टक्के येत होता.

"पासष्ट, विल्फ," तो म्हणाला. बत्तीस वर्षांत एखाद्या पोराला त्याने इतके गुण प्रेमाने दिले नसतील.

मी म्हटलं, अरे डेझमंड, इकडचं उचलून तिकडे ठेवलंस तर दोघांची बेरीज तीच राहते. आणि फरशांनी तर ती वाढली. बॉनेटखालचा दुसरा आकडा बघ. तो म्हणाला की ती पाटी कारखान्यातली माणसं घाबरून लावतात. मी म्हटलं, मग ड्रिफिल्डजवळ धान्य व्यापाऱ्याच्या आवारात ट्रकचा वजनकाटा आहे, चल तिथे जाऊ. त्याला स्वतःवर इतका भरवसा होता की तो लगेच तयार झाला. एनिडलाही घेतलं, कारण ती सत्तर किलो होती.

निघालो. पहिले चार मैल काहीच झालं नाही. डेझमंड शीळ घालत होता. पुढे मोठ्या रस्त्यावर डुकरं नेणारा एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याचा वारा लागला आणि मागून कोणीतरी आमच्या गाडीची शेपटी धरून हलवायला लागलं. आधी हळू, मग जोरात. आरशात कॅरव्हॅन एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे, जणू आपल्याला ओलांडून पुढे जायचा तिचा विचार चालला होता. डेझमंडने पाय उचलला आणि चाक घट्ट धरून ठेवलं. तेवढं त्याने बरोबर केलं, ते मी नाकारणार नाही. गाडी हळू झाली, शेपटी थांबली. एनिडने तोंडातली पेपरमिंटची गोळी काढून रुमालात गुंडाळली आणि रुमाल पिशवीत ठेवला.

वजनकाट्यावर मोना स्टॅमफर्ड बसते. मी ट्रकवर असल्यापासून ती तिथे आहे. तिने काचेमागून आम्हाला काट्यावर घेतलं, आकडा बघितला, आणि खिडकी उघडून डेझमंडला विचारलं की दादा, घर बदलताय का? मग तिने चिठ्ठी दिली. ३७४०. एकशे चाळीस किलो जास्त. हे पोलिसाने बघितलं असतं तर गाडी तिथेच उभी करून ठेवली असती, हे मोनाने इतक्या सौम्यपणे सांगितलं की ते जास्तच लागलं.

डेझमंडने फरशा काढायला सुरुवात केली. एकेक फरशी छातीशी धरून तो मोनाच्या दारापाशी नेऊन ठेवत होता. नवव्या फरशीला तो थांबला आणि मला म्हणाला, फरशा काढल्या की बेरीज बसते. मी म्हटलं, बसते. पण मग गाडी पुन्हा हलकी. आणि मघाचा तो ट्रक होताच, तसे ट्रक रोज जातात.

एनिड गाडीतून उतरून काट्याच्या कठड्याला टेकून उभी होती.

"माझा तवा तोललास," ती म्हणाली. "छत्री तोललीस. मला पण तोललंस. तुझ्या या गाडीला सोडून घरातलं सगळं काट्यावर जाऊन आलंय."

डेझमंडने दहावी फरशी उचलली.

"मी या गाडीत परत कॅरव्हॅनच्या पुढे बसणार नाही, डेझमंड. मी तुझ्यावर रागावले नाहीये. मला भीती वाटली."

कॅरव्हॅन आम्ही मोनाच्या आवारात गव्हाच्या गोदामाशेजारी ठेवून आलो. फरशाही तिथेच राहिल्या. डेझमंड मोकळ्या गाडीने घरी येताना ताशी तीस मैलांनी चालवत होता. घरी आल्यावर एनिडने कागद घेतला आणि बेरिलला पत्र लिहायला बसली. दोन ओळी लिहून तिने ते अर्धं सोडून दिलं. पाच जुलैला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. डेझमंडने नेहमीसारखी गाडी धुतली. काचा पुसल्या, आतले गालिचे झटकले, चाकांच्या मधली धूळ दातांच्या ब्रशने काढली. मग तो एकटाच गाडीत बसून गेला. कुठे चालला ते सांगितलं नाही. तीन तासांनी तो अलियटची राखाडी गाडी चालवत परत आला. हिरवी गाडी अलियटच्या मुलाने ठेवून घेतली होती. डेझमंडने आम्हाला सांगितलं की ही एकटी बावीसशे किलो आहे, म्हणजे पंच्याहत्तर टक्के, आणि दुसरा आकडा पाच हजारांच्या वर. पाटी त्याने स्वतः वाचली होती, चारही ओळी. सांगताना तो रस्त्याकडे बघत होता. एनिडने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. त्यांच्यात याहून जास्त मी कधी पाहिलं नाही.

"चल, बस," तो तिला म्हणाला. "मोनाकडून कॅरव्हॅन आणू."

एनिड डाव्या बाजूला गेली, तिच्या नेहमीच्या जागेकडे. दार उघडलं. आतली बैठक तिच्या कमरेच्या वर होती.

आता हे नीट सांगायला हवं. डावीकडून गाडीत चढताना माणूस उजवा पाय आधी आत टाकतो. गाडी बुटकी असेल तर काही वाटत नाही. पण उंच गाडीत तोच पाय मांडीएवढा उचलावा लागतो, आणि एनिडचा तोच पाय उचलायचा नव्हता. तिने दार धरलं, छत धरलं, मला धरलं. पाय अर्ध्यावर येऊन थांबे. डेझमंडने कॅरव्हॅनची प्लास्टिकची पायरी ठेवायचं म्हटलं, तर ती कॅरव्हॅनमध्येच राहिली होती. त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावर ती चढली, पण पाय आत टाकायला वळली तशी स्टूल कलंडलं आणि ती माझ्या अंगावर आली. मग उलटं बसून बघ म्हणाला, आधी बूड टेकव. पण बैठक बुडाच्या वर, तिच्या पाठीला लागत होती. मिसेस होर्सफॉलने आपल्या खिडकीतून सुचवलं की शिडी लावा. तिच्या स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांनी उजेड आला होता आणि त्याचा ती पुरेपूर उपयोग करत होती.

अर्ध्या तासाने डेझमंड भिंतीवर बसला. त्याने तोंड हातांत धरलं.

"मी गाडी विकली, एनिड," तो म्हणाला. "तुझ्या पलंगासाठी विकली. आणि तुला आत बसताच येत नाही."

एनिड गाडीला वळसा घालून हळूहळू उजव्या बाजूला गेली. मला वाटलं, ती घरात चालली. तिने चालवणाऱ्याचं दार उघडलं. तिथे आत धरायला एक कडी होती. उजवीकडून चढताना डावा पाय आधी जातो. तिने कडी धरली, डावा पाय वर टाकला, एक ओढ घेतली आणि बसली. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आपलं पोर उचलून घ्यावं तसा. खुर्ची पुढे सरकवली. आरसा खाली केला.

"दार लाव, विल्फ," ती म्हणाली. "आणि त्याला बसायला सांग."

डेझमंड म्हणाला की तिने कधी काही ओढलेलं नाही. मी म्हटलं, डेझमंड, आमच्या बापाच्या बीटच्या ट्रॉल्या मागे घेऊन ढिगाला कोण लावायचं असं तुला वाटतं? मी? मला तर ते कधी जमलं नाही, म्हणून मी ट्रकवर गेलो. सोळा वर्षांची होती ती. त्याला हे माहीत नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे नवरा चालवतो आणि बायको मागे उभी राहून हात हलवते, याच्यापलीकडे कोणी बघतच नाही. तिचा परवाना मी घरातून आणून वाचला. तो जुन्या काळचा होता, ओढायची मुभा त्यात छापलेली होती.

मोनाच्या आवारातून तिने कॅरव्हॅन बाहेर काढली. धान्याचे दोन ट्रक वाट अडवून उभे होते, त्यांच्या मधून. मोनाने खिडकी उघडली नाही, पण ती उभी राहून बघत होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. कॅरव्हॅनने थोडी मान हलवली आणि मागोमाग येत राहिली. एनिडने पेपरमिंट मागितली. डेझमंडला ती पिशवीत कुठे असते ते माहीत नव्हतं, म्हणून मी मागून दिली.

पुढच्या आठवड्यात थॉर्नटनला आम्हा कॅरव्हॅनवाल्यांचा मेळावा होता. पन्नासेक कॅरव्हॅन एका मैदानात. नवी कॅरव्हॅन आली की मेळाव्यात सगळ्यांना एकाएकी बाहेर बसून चहा प्यावासा वाटतो. खुर्च्या आपोआप त्या दिशेला वळतात. वर्तमानपत्रं उघडतात, पण पान कोणी उलटत नाही. कोणी मदत करत नाही, कोणी हसत नाही, फक्त सगळं बघतात आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत लक्षात ठेवतात. त्या खुर्च्यांनी पाहिलं की उंच गाडीतून डेझमंड थॅकरे डावीकडून उतरला. एक पेला बशीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला.

मग तो कॅरव्हॅनच्या मागे जाऊन उभा राहिला, जिथे गेली एक्केचाळीस वर्षं एनिड उभी राहत होती. आणि हात हलवायला लागला. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही, मग असं काही गोल गोल, जसं बुडणारा माणूस किनाऱ्याला सांगतो. एनिडने आरशात एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही. एका दमात तिने ती आठ मीटरची कॅरव्हॅन मागे घेतली. डावं चाक पाण्याच्या नळाच्या खुंटीला लागलं, खुंटी वाकली. तिने थोडं पुढे घेतलं, पुन्हा मागे घेतलं, आणि जागा आखणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मधोमध लावली. खुर्च्यांवर वर्तमानपत्रांची पानं उलटली.

"तू माझ्या हाताकडे बघतच नव्हतीस," डेझमंड तिला म्हणाला. त्याचा चेहरा घामाने भिजला होता.

"एक्केचाळीस वर्षं मी काय म्हणत होते?" एनिड म्हणाली.

त्या रात्री पलंगाच्या दोन्ही बाजूंना चपला होत्या. सकाळी चहा घेऊन मी आत गेलो तेव्हा एनिड तिच्या बाजूने उठून उभी होती आणि डेझमंड अजून झोपलेला होता. तिने मला ते दाखवलं, बोट तोंडावर ठेवून.

रविवारी परत निघालो. तासाभराने माल्टनच्या पुढे ती रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबली. उतरून पाय ताणत होती. डेझमंड गाडीच्या पुढून उजवीकडे आला. हातात पेपरमिंटची पुडी होती. ती आता त्याच्याकडे असते. त्याने उघड्या दाराच्या आत बघितलं, चाकावरून हात फिरवला, आणि फार मऊ आवाजात विचारलं की इथून घरापर्यंत मी घेऊ का, सरळ रस्ता आहे, तू दमली असशील.

"घे की," एनिड म्हणाली. "मी का नाही म्हणू? फक्त मी घरी कशी येऊ, तेवढं सांग."

तो डाव्या बाजूला गेला, तिकडचं दार उघडून आत बघितलं. बैठकीची उंची मनाशी मोजली. मग तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याच्या कडेला, पिशवी काखेत धरून, अगदी शांत उभी होती. त्याला हवा तेवढा वेळ द्यायची तिची तयारी दिसत होती.

डेझमंड आत चढला आणि पट्टा लावला.